जुन्या टी३ व्हॅनचे कूलंट पाईप बदलताना: धातूच्या आधी टोकं बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. गाडी फोक्सवॅगन टी३, १.९ लिटरचं वॉटरबॉक्सर इंजिन, म्हणजे पाण्याने थंड होणारं, आडव्या समोरासमोरच्या सिलिंडरांचं. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि मधे गाडीच्या पोटाखालून जाणारे दोन लांब काळे प्लास्टिकचे पाईप. मागच्या टोकाला क्लॅम्पपाशी, म्हणजे जोड आवळणाऱ्या पट्टीपाशी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) झिरपतंय, क्लॅम्प कितीही आवळला तरी थांबत नाही. एकजण म्हणतो स्टेनलेस टाका, दुसरा म्हणतो ॲल्युमिनियम हलकं पडतं, तिसरा म्हणतो कंपनीने दिलं होतं तसंच प्लास्टिक बरं, आणि एकाने तर सरळ रबरी होजच (लवचीक नळी) पुढून मागे ओढा म्हणून सांगितलंय.

आधी उत्तर देऊन टाकतो. एकाच तुकड्यात वाकवलेले, टोकाला उठावाची कड असलेले ३०४ ग्रेडचे स्टेनलेसचे पाईप घ्या, दोन्ही एकदम बदला, आणि त्याच वेळी दोन्ही टोकांचे होज आणि सगळे क्लॅम्पही बदला. पण नुसतं स्टेनलेस म्हणून घेतलं की झालं असं नाही, कारण स्टेनलेसच्या नावाखाली जे मिळतं त्यात खूप फरक असतो, आणि चांगल्या धातूचा पण टोकं नीट न केलेला पाईप साध्या स्टीलच्या नीट केलेल्या पाईपापेक्षा आधी गळतो. माझं सगळं म्हणणं याच्याभोवतीच आहे. पाईप मधे क्वचित फुटतो, त्रास देतं ते टोक. त्यामुळे निवड टोकापासून सुरू करायची.

तुमचा जुना पाईप गळतोय तो का, हे समजून घ्या. प्लास्टिकच्या पाईपावर होज चढवून क्लॅम्प आवळला तर गरम झाल्यावर प्लास्टिक चेपतं, म्हणून त्या टोकात आतून लोखंडी बाही बसवलेली असते. गाडी नवीन असताना ही युक्ती उत्तम चालली. पण ही इंजिनं १९८२ च्या शेवटी आली, म्हणजे या इंजिनाची शेवटची गाडी धरली तरी तीस वर्षं उलटून गेलीत. एवढ्या काळात ती बाही गंजते, गंज फुगतो आणि प्लास्टिकला आतून ताणतो. जुना पाईप काढल्यावर टोकापासून बोटभर अंतरावर करवतीने आडवा कापून बघा, बाहीच्या जागी तपकिरी पापुद्रे सुटलेले दिसतील, आणि बाहेरच्या प्लास्टिकला लांबीच्या दिशेने केसाएवढी चीर दिसेल. ती चीर होजच्या खाली असते म्हणून बाहेरून कळत नाही, आणि क्लॅम्प आवळला की अजून उघडते. म्हणून आता आवळणं थांबवा. इंजिन एकदा जरी जास्त तापलं तर असं टोक होजमधून सरळ निसटतं, आणि या गाडीत पंधरा लिटरपेक्षा जास्त कूलंट असतं, ते रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. मागे बसलेल्या इंजिनातली वाफ ड्रायव्हरला लगेच दिसत पण नाही, तोपर्यंत इंजिनाचं हेड (सिलिंडरांचं वरचं झाकण) गेलेलं असतं.

टोक कापून त्यात स्टेनलेसची बाही ठोकून परत होज चढवायची अशी एक तात्पुरती दुरुस्ती करतात. वाटेत अडकलात तर जरूर करा, घरी पोचवेल. पण ते तेवढ्यापुरतंच, कारण बाकीचं प्लास्टिकही त्याच वयाचं आहे आणि दुसरं टोक त्याच वाटेवर आहे.

आता एकेक पर्याय घेऊ.

रबरी होजची गोष्ट लवकर संपवतो, नको. तीन मीटरच्या आसपास लांबीचा मऊ होज गाडीखाली लोंबतो, जिथे टेकतो तिथे घासतो, आणि गळतीची शक्यता फक्त टोकांना होती ती आता पूर्ण लांबीवर पसरते. शिवाय दोन पाईपांपैकी रेडिएटरकडून पंपाकडे परत येणारा जो आहे तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, तिथे गरम होऊन मऊ झालेला लांब होज जास्त आरपीएमला आत चपटा होऊ शकतो. मग चढावर गाडी तापते, उभी केली की होज परत गोल झालेला, आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो.

घरातल्या नळाचे पाईप वापरायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तोही काढा. पीव्हीसी इंजिनाच्या तापमानाच्या बरंच आधी मऊ पडतं. तांब्याचा पाईप टिकेल, पण तांब्याचे कण कूलंटमधून जाऊन ॲल्युमिनियमवर बसतात आणि तिथे बारीक खड्डे पडायला लागतात, आणि वॉटरबॉक्सरचे हेड ॲल्युमिनियमचे आहेत, त्यांना गंजाची खोड आधीच आहे. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पाईप तर आतून अजिबात नको, कूलंटमधली गंजरोधक रसायनं जस्ताशी भिडतात, गाळ होतो आणि तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

नवीन प्लास्टिकचे पाईप ओरिजिनल घडणीचे मिळाले तर वाईट नाहीत. हलके, गंज नाही, बसायला एकदम बरोबर. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे आतली बाही कशाची आहे, साधं लोखंड असेल तर तुम्ही हीच गोष्ट परत विकत घेताय. दुसरं म्हणजे ‘जुना पण न वापरलेला’ माल. गोदामात पडून राहिलेलं प्लास्टिक पण म्हातारं होतं आणि बाही दमट हवेत गंजते, तेव्हा टोकात बॅटरी मारून बघितल्याशिवाय घेऊ नका.

ॲल्युमिनियम हलकं आहे हे खरं, पण या जागी मला पटत नाही. गाडीखाली दगड लागतात, पातळ ॲल्युमिनियमला पोचे पडतात. रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात ते बाहेरून पांढरं पडून खड्ड्या-खड्ड्यांनी खाल्लं जातं, विशेषतः जिथे लोखंडी ब्रॅकेटला टेकतं तिथे. जाड भिंतीचा, चांगला ॲनोडाइज केलेला (वर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला) पाईप रबर घातलेल्या ब्रॅकेटमधे बसवला तर चालेल, पण मग वजनाचा फायदा बराचसा गेला.

साध्या स्टीलला लोक उगाच नावं ठेवतात. टी३ मधेच काही गाड्यांना कंपनीने स्टीलचे पाईप दिलेत. आत कूलंट वेळेवर बदललेलं असेल तर स्टील आतून वर्षानुवर्षं टिकतं, खातं ते बाहेरून, ब्रॅकेटच्या खाली जिथे चिखल आणि ओल साठते तिथे. कोरड्या हवेत गाडी चालत असेल आणि पैसे बेताचे असतील तर जाड भिंतीचं स्टील, बाहेरून चांगला इपॉक्सी रंग, हा प्रामाणिक पर्याय आहे. फक्त जिथे होज चढतो तेवढी जागा जाड रंगाने भरू नका, तो रंग पुढे पापुद्र्याने सुटतो आणि होज त्या पापुद्र्यावर बसलेला राहतो.

आता स्टेनलेस, कारण शेवटी तुम्ही तेच घेणार आहात. ग्रेड विचारा. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, या कामाला पुरतं. ३१६ मधे वर २ टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त दाद देत नाही, समुद्राकाठी किंवा मिठाच्या रस्त्यांवर गाडी असेल तर तो जास्तीचा खर्च करा, नाहीतर गरज नाही. ४०९ नको. तो सायलेन्सरचा ग्रेड आहे, बाहेरून तांबूस गंज धरतो, आणि स्वस्त पाईपांत तोच खपवला जातो. लोहचुंबक लावून बघा, ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ च्या सरळ भागाला जवळजवळ चिकटत नाही. वाकवलेल्या जागी ३०४ ला पण थोडा ओढतो, धातू थंडपणे वाकवला की तसं होतं, त्यामुळे तेवढ्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका.

भिंतीची जाडी दीड मिलिमीटर असावी, सव्वा पण चालते, एक मिलिमीटरचा पाईप दगडाने चेपतो. बाहेरचा व्यास जुन्या पाईपाच्या टोकाचा व्हर्नियरने मोजा, दोन-तीन दिशांनी, कारण जुनं प्लास्टिक अंडाकृती झालेलं असतं. नवीन पाईपाचा बाहेरचा व्यास होजच्या आतल्या व्यासाइतका किंवा अगदी किंचित जास्त हवा. होज सैल बसतोय आणि क्लॅम्पने आवळून भागवू असं कुणी म्हणालं तर तो पाईप घेऊ नका, सैल होज आवळला की त्याला आतून चुणी पडते आणि त्या चुणीतून कूलंट वाट काढतं.

आतल्या व्यासाबद्दल लोक फार कमी विचार करतात आणि तिथे खरा फरक पडतो. प्रवाह तेवढाच ठेवला तर घर्षणाने होणारा दाबाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, व्यास कमी झाला की वाढतो. म्हणजे आतला व्यास १० टक्क्यांनी कमी झाला तर तोटा जवळपास १.७ पट. जाण्याचा एक आणि येण्याचा एक, दोन्ही लांब पाईपांत हे लागू. धातूच्या पाईपाची भिंत प्लास्टिकपेक्षा पातळ असल्यामुळे बाहेरचा व्यास तोच ठेवला तर आतून जागा उलट थोडी जास्तच मिळते, हा फायदाच आहे. पण जवळपासच्या साइजचा पाईप घेऊन टोकाला रिड्यूसर (व्यास बदलणारा जोड) लावणारे पण आहेत, ते टाळा. वाक सुद्धा बघा, मॅन्ड्रेल (आतून आधार देणारा दांडा) घालून वाकवलेला पाईप वळणात पूर्ण गोल राहतो, नुसता दाबून वाकवलेला आतल्या बाजूने चपटा होतो आणि तेवढी जागा गेली.

टोकाची कड. पाईपाच्या तोंडापासून जरा आत सगळीकडून सारखा उठाव रोल केलेला असायला हवा. होज त्याच्यावरून पुढे जातो आणि क्लॅम्प त्या उठावाच्या मागे बसतो, मग दाबाने होज सरकू शकत नाही. सपाट टोकाचा गुळगुळीत स्टेनलेस पाईप प्लास्टिकपेक्षा जास्त घसरडा असतो हे लक्षात ठेवा, नवीन स्टेनलेस टाकल्यावर महिन्याभरात होज निसटला अशा तक्रारी येतात त्यात बहुतेक वेळा ही कडच नसते. बोट फिरवून बघा, उठाव गुळगुळीत लागायला हवा, धार लागली तर ती होज कापणार. आणखी एक जागा बोटाने तपासायची, पाईपाची लांबीची वेल्ड शिवण. ती होजच्या खालच्या भागात घासून सपाट केलेली नसेल तर तिथून बारीक गळती कायमची मागे लागते, कितीही आवळा. नखाला शिवण लागली तर बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेने घासून घ्या, लांबीच्या दिशेने घासू नका, तसं केलं तर ओरखडेच कूलंटला बाहेरची वाट देतात.

पाईपावर फाटे किंवा तुकडे वेल्ड केलेले असतील तर वेल्ड टिगचा (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात केलेला) हवा आणि वेल्ड करताना पाईपाच्या आत आरगॉन गॅस सोडलेला हवा. टोकातून बॅटरी मारून बघा. आतल्या बाजूला वेल्डच्या रेषेवर काळी खरखरीत, दाणेदार पपडी दिसली तर आत गॅस सोडलेला नाही, तिथला धातू आता गंजापुढे टिकत नाही, आणि ते दाणे सुटून पंपात जातात. असा पाईप परत करा.

पाठवायला सोपं म्हणून काहीजण प्रत्येक पाईप दोन तुकड्यांत देतात, मधे होजचा जोड. दोन पाईपांचे मिळून दोन जोड आणि चार क्लॅम्प वाढले, तेही जिथे हात पोचत नाही अशा जागी. एकसंध मिळत असेल तर तोच घ्या. दोन तुकड्यांशिवाय गत्यंतर नसेल तर निदान जोड उघड्यावर, पाना फिरवता येईल अशा ठिकाणी येतोय का ते विचारून घ्या.

लांबीबद्दल एक हिशोब सांगतो, कारण वाद सगळे यावरून होतात. तीन मीटरचा पाईप, थंड सकाळी १० डिग्री, चालू असताना ९५. साधं स्टील यात ३ मिलिमीटर लांबतं, स्टेनलेस ४ च्या वर, ॲल्युमिनियम ६ च्या जवळ, आणि काच-तंतू न घातलेलं साधं नायलॉन असेल तर २ सेंटिमीटरच्या पुढे. म्हणजे धातूचा पाईप उलट कमी हलतो. पण हलतो नक्की, आणि प्रत्येक वेळी हलतो. त्यासाठी दोन्ही टोकांना होजच्या आत पाईपाचं तोंड आणि पुढचा भाग यांच्यामधे सेंटिमीटरभर मोकळी जागा सोडा, धातूला धातू टेकवू नका. ब्रॅकेट पण असे हवेत की पाईप धरतील पण लांबीच्या दिशेने सरकू देतील, मधे रबर घालून. नुसत्या लोखंडी पट्टीने स्टेनलेस करकचून बांधला तर आवाज येतो, पट्टी गंजते आणि पाईपाचा सगळा जोर टोकाच्या होजवर येतो. ४० मिलिमीटरच्या आसपासचा असा एक पाईप कूलंटने भरला की सात-आठ किलोचा होतो, त्यामुळे मूळचे सगळे ब्रॅकेट जागेवर हवेत, तुटलेले दोन सोडून दिले असं चालणार नाही.

ऑर्डरचे पाईप आले की लगेच गाडीखाली शिरू नका. जुने दोन्ही पाईप काढून जमिनीवर ठेवा, नवे त्यांच्या शेजारी, आणि टोकांच्या वळणाची दिशा बघा. लांबी बरोबर असते पण टोक दहा-पंधरा अंश फिरलेलं असतं, मग होज पिळून बसतो. पिळलेला होज काही महिन्यांत क्लॅम्पपाशी गळायला लागतो. तसंच मधे एखादा नवा उंचवटा तर नाही ना ते बघा, जुन्या पाईपात नव्हता असा उंचवटा म्हणजे हवा अडकायची जागा. आणि आतून कापड ओढून घ्या, कापताना पडलेला धातूचा कीस जवळजवळ नेहमी निघतो.

होज नवेच घ्या. साधे ईपीडीएम रबराचे, गाडीसाठी साच्यात घडवलेले मिळाले तर तेच मला जास्त पसंत. जुने होज वरून ठीक दिसतात पण आतून टोकाजवळ लांबीच्या दिशेने चिरतात, बोटांनी टोकापासून दोन-तीन इंचांत दाबून बघा, मधल्या भागापेक्षा तिथे मऊ किंवा दाबताना कुरकुर लागली तर तो गेला. सिलिकॉनचे होज उष्णतेला भारी, पण त्यांच्यातून कूलंटची वाफ हळूहळू निसटते म्हणून पातळी थोडी उतरत राहते, आणि नेहमीचा खाचांचा क्लॅम्प त्यांना कापतो, त्यांना आतून सपाट पट्टीचाच क्लॅम्प लागतो. रबरी होजला मला स्प्रिंगचे क्लॅम्प आवडतात, तापमानाबरोबर होज फुगतो-आकसतो तसा ते स्वतः दाब सांभाळतात. चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ईपीडीएम तेलाने फुगतं, कूलंटच लावा.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचे हेड एकत्र आले की हेड खाल्लं जातं, ही भीती तुम्ही लिहिली आहे. दोघांच्या मधे रबर आहे, धातूचा सरळ संपर्क नाही, आणि कूलंटमधली गंजरोधक रसायनं जिवंत असेपर्यंत हा प्रश्न व्यवहारात येत नाही. ती रसायनं संपतात, म्हणून कूलंट ठरल्या वेळी बदलायचंच. ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठीचं, फॉस्फेट नसलेलं कूलंट घ्या, निम्मं ते आणि निम्मं डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोराइड स्टेनलेसलाही चालत नाही. रंगावरून कूलंट निवडू नका, रंग म्हणजे काही प्रमाण नाही, बाटलीवर लिहिलेलं वाचा. जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

भरताना गाडीची पुढची बाजू फूटभर तरी उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मागे कूलंटची टाकी भरत राहा, आणि इंजिन २००० आरपीएमच्या आसपास ठेवून पुढे रेडिएटरच्या वरचा हवेचा स्क्रू सोडा. बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. टाकीची कॅप लावायच्या आधी हातपंपाच्या टेस्टरने थंड इंजिनावर १ बारपर्यंत दाब देऊन पंधरा मिनिटं सोडा, काटा उतरला तर टॉर्च घेऊन एकेक टोक बघा. ही चाचणी गाडी अजून जॅकस्टँडवर असतानाच करा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली अजिबात शिरू नका. पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर स्क्रूचे क्लॅम्प एकदा परत आवळावे लागतात, इंजिन पूर्ण थंड असताना, आणि तेवढ्यात टाकीची पातळी पण बघून घ्या, उरलेली हवा निघून ती थोडी उतरलेली असतेच.

राहिला हीटरच्या बारीक लाइनींचा प्रश्न, त्या पण आत्ताच बदलू का असं विचारलंय. गाडी उचललेली आहे, कूलंट काढलेलं आहे, तर हो, बदला. त्यांचं वय तेच आहे, आणि त्यांच्यासाठी परत सगळं कूलंट उतरवून हवा काढत बसण्यात अख्खा दिवस जातो.